साडूभाऊंची सिस्टीम

सोलापुरात उकाडा आणि आमचे साडूभाऊ या दोघांपासून कोणाचीही सुटका नाही. उकाडा निदान संध्याकाळी थोडा हटतो. साडूभाऊ मात्र बारा महिने समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून एकच प्रश्न विचारत असतात, "तुमची अडचण काय आहे, ते सांगा." हा प्रश्न त्यांनी लग्नाच्या पंगतीत वाढप्याला विचारला आहे, गळ्यावर वस्तरा टेकलेला असताना न्हाव्याला विचारला आहे, आणि आम्हा दोघांच्या सासऱ्यांच्या दहाव्याला खुद्द गुरुजींना विचारला आहे. गुरुजी भाबडेपणाने म्हणाले, "बसून बसून कंबर धरते हो." झालं. तिकडे कावळा पिंडाला शिवत नव्हता आणि इकडे हे गुरुजींचा पाट वितीने मोजत होते. पुढच्या आठवड्यात त्या पाटाला दुमडता येणारी पाठ आली. गुरुजी अजून तो पाट सायकलला बांधून फिरतात.

साडूभाऊंची सगळी नोकरी पुण्याच्या एका कारखान्यात यंत्रांचे पॅनेल बनवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्म करतात, हे सोलापूरला परत येऊन एका व्याख्यानाला गेले. बाहेरगावचे कोणी तज्ज्ञ पडद्यावर गोल आणि बाण दाखवून सांगत होते की समाजाच्या भल्याचं तंत्रज्ञान हवं असेल तर गावोगावी त्याची 'इकोसिस्टीम' उभी राहिली पाहिजे. पहिल्या रांगेतून साडूभाऊ उठले आणि म्हणाले, "यातला सोलापूरचा गोल कुठला?" तज्ज्ञ हसले. सभागृहही हसलं. साडूभाऊ हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी शेडमधली मोटार बाहेर काढली. ती तेव्हापासून अंगणात उन्हात वाळते आहे. शेडमध्ये टेबलं, हत्यारं, जुने पंखे, तुटके मोबाईल यांचा संसार मांडला आणि बाहेर पाटी लावली : 'समाजोपयोगी तंत्रज्ञान नवनिर्मिती परिसंस्था'. 'सोलापूर' हा शब्द पाटीत मावेना, तो भिंतीवर लिहावा लागला. एवढं नाव कोण घेणार? गल्लीने त्याचं 'सिस्टीम' करून टाकलं. आता रिक्षावाल्यालाही "सिस्टीमपाशी सोडा" म्हटलं की पुरतं. माझी मेव्हणी, म्हणजे ताई, एवढंच म्हणते, "आमच्याकडे गाडी सोडून सगळ्यांना सावली आहे."

सिस्टीमचा एक कायदा होता. खुर्ची एकच, तिच्यावर ज्याची अडचण असेल तो बसणार, बाकीच्यांनी, मग ते कोणी प्राध्यापक का असेनात, खाली सतरंजीवर. कॉलेजची मुलंमुली यायची, मिक्सर आणि कूलर दुरुस्त करणाऱ्या शमीमभाभी दुकान बंद करून यायच्या, आणि मी यायचो ते ताईच्या हातच्या कडक भाकरीसाठी. सगळेच प्रयोग साधायचे असं नाही. शेंगाची चटणी कुटताना ताईचा हात भरून येतो म्हणून साडूभाऊंनी उखळाला मोटर जोडली. बटण दाबल्यावर चटणी सोडून सगळं काही झालं. पुढे बरेच दिवस देवांच्या तसबिरींमागे शेंगदाणे सापडत होते.

अशातच एका दुपारी नरसम्मा त्या खुर्चीवर येऊन बसल्या. नरसम्मा आणि त्यांचे यजमान, दोघांचा जन्म मागावर गेलेला. यंत्रमागाच्या खडखडाटाने दोघांचेही कान गेले होते. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि कोणत्या घटकेला येईल ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. ज्यांना ऐकू येतं ते गल्लीतला गलका ऐकून धावतात. या दोघांना गलका ऐकू येत नाही. म्हणून पाण्याच्या दिवशी दोघं पाळीपाळीने नळाकडे डोळे लावून बसायची. मुलगी अक्कलकोटला दिलेली, तिला बाळ झालेलं, पण एकट्या नवऱ्याला नळावर सोडून नरसम्मांचा पाय निघेना. "नातीचं तोंड फोटोत बघतली मी," त्या आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत मोठ्याने म्हणाल्या, "हातात घ्यायचं हाय."

साडूभाऊंनी नेहमीसारखी लगेच हत्यारं उचलली नाहीत. आधी जाऊन नरसम्मांचा नळ बघून आले. मग लागले कामाला.

पहिला दिवा त्यांनी स्वतःच्या डोक्याने केला. नळात हालचाल झाली की लाल दिवा लागणार. उद्घाटनाला गल्ली लोटली. दिवा लागला, टाळ्या पडल्या, नरसम्मा घागर घेऊन धावल्या आणि नळ म्हणाला, "फुस्स." नुसती हवा. पाणी आलंच नाही. शमीमभाभींनी कपाळाला हात लावला, "पानी से पैले हवा आती, साब. पूरे सोलापूर को मालूम है." "मला पण माहीत होतं," साडूभाऊ म्हणाले, "पण उत्साहात विसरलो."

मग सिस्टीम खऱ्या अर्थाने चालू झाली. भाभींनी कूलरमधला तरंगता गोळा आणला, मुलींनी नळाखाली बसेल असा डबा केला, साडूभाऊंनी तारा जोडल्या. डब्यात खरंच पाणी साचलं तरच गोळा वर येणार आणि दिवा लागणार. भांडणंही झाली. डबा केवढा हवा यावरून साडूभाऊ आणि भाभी दोन दिवस ताईमार्फत बोलत होते. पण दुसरा दिवा हवेला फसला नाही. पाणी आलं, दिवा लागला, चांगला झगझगीत लागला. फक्त त्या वेळी यजमान बाजारात गेलेले आणि नरसम्मांचा उकाड्यात डोळा लागलेला. पाणी येऊन गेलं. आम्ही पोचलो तेव्हा डबा भरून वाहिलेला, घागरी रिकाम्या, आणि नरसम्मा शेजारणीकडून तांब्याभर पाणी आणून आमच्यासाठी चहा ठेवत होत्या. "पाणी पळून गेली बघा," म्हणून उलट त्याच हसल्या.  त्या दिवशी घरी येऊन साडूभाऊ जेवले नाहीत. ताई मला म्हणाली, "आता मला भीती वाटते हो. त्या बाईंचं काम झालं नाही तर हा माणूस शेड बंद करील."

तोडगा सुचला तोही कसा, तर जेवायला नको म्हणून रुसून पडलेल्या साडूभाऊंवर ताईने पंख्याचा झोत सोडला आणि म्हणाली, "निदान वारा तरी खा." साडूभाऊ ताडकन उठून बसले. "ऐकू येत नाही, डोळे मिटलेले असतात, पण अंगाला वारा तर लागतो ना!"

दिव्याच्या जागी टेबलफॅन आला. पुढच्या पाण्याच्या दिवशी आम्ही सगळे नरसम्मांच्या दारात उभे. नवराबायको दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवलेलं. नळ आधी हवा सोडून फुसफुसला, पंखा ढिम्म. मग धार लागली, गोळा वर आला आणि पंख्याने दोघांच्या पाठीवर झोत सोडला. यजमान लुंगी सावरत उठले, नरसम्मा घागरीकडे धावल्या. शमीमभाभींनी डोळे पुसले आणि वर म्हणाल्या, "धूल गया आँख में." त्याच आठवड्यात नरसम्मा अक्कलकोटच्या गाडीत बसल्या. नवरा घरी, पंखा घरी, आणि त्या नातीकडे.

मग गल्लीत, गल्लीबाहेर असे पंखे लागले. बातमी सांगोल्याकडे गेली. तिकडच्या एका वस्तीवरची मेंढरं राखणारी माणसं सिस्टीममध्ये येऊन चार दिवस राहिली, सगळं शिकून गेली. त्यांच्याकडे टँकर वस्तीच्या टाकीत पाणी सोडून जातो तेव्हा लोक रानात असतात. त्यांना आवाज हवा होता, वारा नव्हे. त्यांनी आपलं आपण देवळाच्या भोंग्याला ते जोडलं, शाळेच्या रिकाम्या खोलीत स्वतःची सिस्टीम थाटली आणि आम्हाला बोलावणं धाडलं.

साडूभाऊ हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. काहीतरी अडणार याची त्यांना खात्री होती. काही अडलं नाही. टँकर आला, भोंगा वाजला, डाळिंबाच्या बागांतून बाया हंडे घेऊन आल्या. साडूभाऊ तारा बघायला वाकले तर एक पोक्त बाई त्यांना म्हणाल्या, "आवं, तुमी बसा की हितं सावलीला. आमचं आमी बगतो." त्यांना खुर्ची दिली, ताक दिलं. दिवसभर त्यांना कोणी काहीही विचारलं नाही.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. मला वाटलं, वाईट वाटलंय. मंगळवेढं मागे पडलं. मग म्हणाले, "पिशवी उघडावीसुद्धा लागली नाही हो."

"मग बरंच झालं की," मी म्हणालो.

"छानच झालं," ते म्हणाले. बाहेर ज्वारीच्या रानांवर उन्हं उतरली होती. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "छान झालं," पण या वेळी जरा हळू, आणि मला नव्हे. मग त्यांना झोप लागली आणि मान माझ्या खांद्यावर आली. एवढी वर्षं तुरुतुरु चालणारा माणूस, त्याचं वजन किती कमी झालंय ते मला तेव्हा कळलं. सोलापूर येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.