तांखिलूने पेरलेलं लिंडेन

आमच्या उरालच्या डोंगरातलं लिंडेनचं रान तोडलं, तेव्हा तांखिलूचा मुलगा इल्दार तोडणाऱ्यांच्याच टोळीत होता. त्याचे वडील यामाले जुन्या लिंडेनच्या खोडात ढोल्या कोरून मधमाश्या पाळायचे. झाडं गेली, माश्याही गेल्या. उरलेल्या एकाच झाडावर ढोली बघायला म्हातारा चढला, दोर सुटून पडला आणि जागीच गेला. त्या दिवसापासून तांखिलूने मुलाशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पण शब्द नाही.

मी त्यांची शेजारीण. पानं गळायला लागली तसं तांखिलूने त्या शेवटच्या झाडाखालून बिया वेचल्या आणि गोठ्यामागे वाफा करून पेरल्या. बर्फ वितळलं, पण वाफा कोराच.

"काय गं, माती पिकवतेस का?" मी चिडवलं.

"लिंडेनचं बी दोन हिवाळे झोपतं," ती म्हणाली.

दुसरा हिवाळा सरता सरता तिची छाती भरली. तिला शहरात दवाखान्यात न्यावं लागलं. सासूला बरं वाटावं म्हणून सून झुहराने घर सारवलं, गोठा झाडला, बर्फ वितळल्यावर वाफाही खुरपून लख्ख केला.

तांखिलू परतली ती थेट वाफ्याकडे गेली. उकिरड्यावर इवली रोपं सुकून पडली होती.

"हे कोणी उपटलं?"

"मीच, आई. तण होतं. लिंडेनचं पान मी ओळखत नाही का? बदामाच्या आकाराचं, देठापाशी एक बाजू उतरलेली. हे तर बोटं पसरलेल्या पंजासारखं होतं."

"पहिली दोन पानं तशीच येतात गं. खरं पान मागून फुटतं."

"मग सांगायचं ना! या घरात कुणी कुणाला काही सांगतं का?"

पुढे त्या शेवटच्या झाडाला बिया धरल्यावर तांखिलू सुनेला त्याच्याखाली घेऊन गेली. फिकट, लांबट पात्याला लोंबणारी वाटाण्याएवढी फळं दाखवली. दोघींनी मिळून पेरणी केली.

त्याच हिवाळ्यात ती गेली. इल्दारशी शेवटपर्यंत बोलली नाही. गोठलेल्या जमिनीत तिची कबर त्यानेच खणली.

रोपं आता गुडघ्याएवढी झालीत. इल्दार त्यांना कुंपण घालायला निघाला, तेव्हा झुहरा एवढंच म्हणाली, "खांब लिंडेनचे आणू नकोस."