एक वाटी मेथी आणि सातारा डोंगर

कालिंदी पाटोदकर खोलीत आहे की नाही, हे कळायला डोळे लागत नसत, कान पुरत. लहानपणीच्या सांधेतापानं तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. चाळिशीच्या उंबरठ्यावर ती काढून तिथं कृत्रिम झडप बसवली, आणि तेव्हापासून कालिंदी टिकटिकते. पंखा बंद असला की शेजारी बसलेल्यालाही ऐकू येतं. तिचा नवरा देवेश वाळूजच्या कारखान्यातून दमून आला, की म्हणायचा, "भिंतीवरचं घड्याळ काढून टाकू. त्याला सेल लागतात, तुला नुसता चहा."

झडपेबरोबर रक्त पातळ ठेवणारी गोळी आली, ती जन्मभरासाठी. जड उचलणं मात्र डॉक्टरांनी काही महिनेच बंद सांगितलं होतं. ते देवेशनं जन्मभराचं करून टाकलं.

त्यांची कॉलनी बीड बायपासच्या पलीकडे, शहराच्या दक्षिणेला, सातारा डोंगराच्या पायथ्याशी. आधी घरं येणार, मग रस्ता, मग नळ, असं ठरलं होतं. सोळा सालच्या उन्हाळ्यात घरंच तेवढी आलेली होती. पाण्याचा टँकर चढावर यायला कुरकुर करायचा. कधी खालच्या चौकात रुतायचा, कधी खंडोबाच्या देवळापाशी बंद पडायचा, कधी मधल्याच कॉलनीवाल्यांच्या तावडीत सापडायचा. बायका हंडे घेऊन उन्हात उभ्या आणि कालिंदी रिकाम्या हातांनी. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी शेजारच्या मुक्ताबाईंनी तोंड उघडलं. मुक्ताबाईंचं शेत करमाडला, मुलगा शेंद्र्याला नोकरीला आणि जीभ मात्र इथंच मुक्कामाला. "हंडा नाय उचलायचा, व्हय? पण पाय तर हायेत ना तुला? जा, टँकर कुठं अडकला ते बघून ये!"

कालिंदी गेली. पहिल्या दिवशी भरभर चालत, पुढच्या आठवड्यात पळत. मग एकदा तिनं हळूच आपल्या हृदयाच्या डॉक्टर चारुतांना विचारलं, की पळालेलं चालेल का. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "बोलता येईल इतक्याच वेगानं. शब्द तुटायला लागले, की मुकाट्यानं चालायचं."

बोलायचं तर कुणाशी? कालिंदीनं पाढे धरले. सतराचा सपाटीवर, एकोणतीसचा उतारावर. पाढा अडखळला की पाय मंद. टँकर आला की नाही, हे कॉलनीला आता त्याच्या पुढं पळत येणाऱ्या तिच्या पाढ्यावरून कळायचं. पावसानं तेवढ्यापुरती टँकरची गरज संपली, पण पायांना काही ते पटेना. मग ती डोंगराकडे वळली. मुरमाच्या पायवाटा, गुडघाभर गवत, आणि वरून पाहिलं की दर वर्षी थोडं आणखी पुढं सरकलेलं शहर.

असं करत करत तिसरं वर्ष उलटलं आणि डोंगरातल्या तीस किलोमीटरच्या दौडीची जाहिरात आली. "मी पळणार," कालिंदी म्हणाली. देवेशच्या हातातला घास हातातच राहिला.

डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. एक, शर्यतीच्या आधी रक्ताचा पातळपणा नेमका हवा. घट्ट झालं तर झडपेवर गुठळी, फार पातळ झालं तर साध्या जखमेतूनही रक्त थांबायचं नाही. दुसरी, खडकाळ उतारावर उड्या नाहीत. "पडायचं नाही, कालिंदीताई. डोक्यावर तर मुळीच नाही." देवेशनं त्याच दिवशी सायकलवाल्यांचं हेल्मेट आणलं.

आधीची दोन वर्षं पाऊस पुन्हा रुसला होता. त्या दुष्काळाच्या दिवसांत पालेभाजी डोळ्यांनाही दिसत नव्हती, आणि गोळीचं प्रमाण त्याच हिशेबानं बसलेलं होतं. त्या वर्षी उशिरा का होईना, पाऊस झाला. करमाडहून मुक्ताबाईंची मेथी आली. मेथीमागून शेपू, शेपूमागून चाकवत. आपली बाई डोंगर पळणार म्हटल्यावर तिला ताकद नको? घरोघरचे डबे यायला लागले. डबा रिकामा परत करायचा नाही, ही कॉलनीची रीत. कालिंदी त्यात पोळ्या घालून धाडायची, की त्याच डब्यातून पालक परत! पालेभाजी वाढली की गोळीचा असर उतरतो, हे तिला ठाऊक होतं. पण दोन वर्षांनी आलेला तो हिरवा वास. नाही म्हणायला जीभ वळेना.

तपासणी झाली. रक्त घट्ट.

"असं असेल तर शर्यत विसरा," डॉक्टर म्हणाल्या.

घाबरून कालिंदीनं भाजी बंदच करण्याचं ठरवलं, तेव्हा डॉक्टरांनी फोनवरच झापलं. "एकदम बंद केलीत तर दुसऱ्या टोकाला जाल! रोज एक वाटी. कमी नाही, जास्त नाही. गोळी मी बदलते. शर्यतीच्या आधी पुन्हा रक्त बघू."

देवेशनं रजा टाकली आणि दारात खुर्ची मांडून बसला. मुक्ताबाई डबा घेऊन आल्या.

"मावशी, कोटा संपला आजचा."

"कोटा? रेशनचं दुकान हाय का रे हे? सर बाजूला."

"रक्त घट्ट होतं हो तिचं."

"मेथीनं? माझी आय नव्वद वर्षं मेथी खाऊन जगली!"

"तिच्या छातीत झडप नव्हती ना बसवलेली."

मुक्ताबाईंनी डबा देवेशच्या मांडीवर आदळला. "मग तू खा. तुझं रक्त लईच पातळ दिसतंय."

त्यानंतर देवेशनं इतकी मेथी खाल्ली, की कारखान्यात त्याच्या डब्याकडे कुणी हात करेना. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी रक्त नेमकं निघालं.

पहाटे हेल्मेट घालून कालिंदी पाढे म्हणत निघाली. पुढचे तिच्याकडे वळून हसले आणि दिसेनासे झाले. ती सावकाश पळत राहिली. चढावर चाल, सपाटीवर सतरा.

शेवटच्या उताराच्या माथ्यावर ती पोचली, तेव्हा खाली देवळाजवळची, शर्यत संपते तिथली फुगवलेली कमान दिसत होती. भोंग्यावरून वेळ संपत आल्याची हाकाटी चालली होती. वेळेत पोचला त्यालाच मेडल. मागून आलेला एक पोरगा दगडावरून दगडावर उड्या टाकत गेला. "काकू, मारा उड्या! होऊन जाईल!"

झालंही असतं. पाय शिवशिवत होते. गेली तीन वर्षं ती याच उतारानं उतरत होती, प्रत्येक दगड ओळखीचा. तिनं एक पाय उचललाही. भोवती वारा पडला होता, आणि त्या शांततेत तिला स्वतःची टिकटिक ऐकू आली.

कालिंदी खाली बसली. तळहात टेकले, आणि लहान मुलं घसरगुंडीवरून उतरतात तशी, बुडावर सरकत सरकत निघाली. खालून कुणीतरी शिट्टी मारली. तिनं एकोणतीसचा पाढा मोठ्यानं सुरू केला.

ती पोचली तेव्हा कमानीतली हवा काढून झाली होती, आणि माणसं तिची घडी घालत होती. देवेशनं तिचे तळहात उलटसुलट पाहिले. कुठंही रक्त नव्हतं. मग त्यानं तोंड फिरवलं आणि उगाच कमानीच्या घडीला हात लावायला गेला.

मुक्ताबाईंनी तिच्या छातीला कान लावला. "वाजतंय गं," त्या म्हणाल्या. मग मागं जाऊन एक नजर टाकली. "मेडल नाय तर नाय. पण पँटीचं बूड कुठंय?"

"वर राहिलं, मावशी."

"मग पुढच्या साली आणायला जावं लागंल," म्हणत त्यांनी डबा उघडला. मेथी होती. देवेश कमान सोडून धावत आला. "एक वाटी!"