ऑसाच्या माथ्यावर

परवा लेकीने बुशवॉकहून, म्हणजे रानातल्या भटकंतीहून, आल्यावर ओले लोकरीचे मोजे हीटरवर वाळत टाकले. त्या कुबट, उबदार वासाने मला ऐंशीच्या दशकात नेलं, टास्मानियातल्या माउंट ऑसावर.

सिडनीतल्या पॅरामॅटाच्या ऑफिसातले आम्ही सहा इंजिनिअर आणि ड्राफ्ट्समन होतो. शेवटचे मोठमोठे दगड हातापायांनी चढून माथ्यावर टेकलो, तेव्हा माझे मोजे चिंब भिजले होते आणि वारा कानात घुसत होता. या डोंगराला ज्याचं नाव दिलंय, त्या ग्रीक ऑसाची कथा आमचा बॉस सांगू लागला. राक्षसांनी स्वर्गावर चाल करण्यासाठी ऑसा पर्वतावर पेलियन पर्वत रचला म्हणे.

"अर्थात, हे डोंगर ग्रीसमध्ये खरोखर कुठेच नाहीत," तो म्हणाला.

"आहेत," ग्रीसहून आलेला ड्राफ्ट्समन स्टाव्रोस हळूच म्हणाला. "माझं गाव ऑसाच्या पायथ्याशी आहे."

"अरे मेट, पुस्तक मी वाचलंय. तू आपला नकाशे काढ!"

सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसले.

आज आठवलं तरी डोकं तडकतं. ज्याने लहानपणी रोज दारातून तो डोंगर पाहिला, त्यालाच गप्प बसवायचं! आणि मी? त्याच बॉसने माझ्या 'वैजयंती'चं न विचारता 'विजी' करून टाकलं होतं, तरी मी त्याच्याच बाजूने हसले.

उतरताना मी स्टाव्रोसला म्हटलं, "सॉरी. तो फार उद्धट आहे."

"तो तसाच आहे, मला माहीत आहे," स्टाव्रोस म्हणाला. "पण तू का हसलीस?"

खालच्या, मुक्कामाच्या झोपडीपर्यंत तो माझ्यापुढे चालत राहिला आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.