झाकणाच्या आतलं लिखाण

माझ्या मामासमोर कुणी फार वेळ सरळ उभं राहत नसे. मामा सुतार, आणि त्यातही शवपेट्या करणारा. समोरच्याला डोक्यापासून पायापर्यंत बघायची त्याची सवय. त्यात त्याच्या मनात काही नसायचं, पण चर्चमधली माणसं त्याला मापमामा म्हणायची आणि तो दिसला की उगाच बाकावर बसून घ्यायची. मी लहानपणी त्याला बजावलं होतं, "माझ्याकडे असं बघू नकोस, मी अजून वाढतेय."

पेटी करायची त्याची एक रीत होती. पेटी तयार झाली की झाकण पालथं टाकायचं आणि जिथे माणसाचा चेहरा येणार, तिथे आतल्या बाजूने जाड पेन्सिलीने बायबलमधलं वचन लिहायचं. कोणतं वचन, ते घरचे सांगायचे. मग त्यावर पांढरं कापड ताणून बारीक खिळ्यांनी ठोकून टाकायचं. म्हणजे लिहिलेलं कुणालाच दिसायचं नाही. "ज्याचं आहे त्यानं वाचावं," मामा म्हणायचा. घरच्यांना त्याचा केवढा आधार. आपला माणूस एकटा नाही, त्याच्या डोळ्यांसमोर प्रभूचा शब्द आहे, असं बोलत लोक दफनभूमीतून परतायचे. कापड ठोकायचं काम माझ्या आईचं. ती मामाची धाकटी बहीण. दीड वर्षापूर्वी ती गेली, तेव्हापासून तेही मामाच करतो.

माझं म्हणाल तर मी टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेते आणि घरी येऊन भिंतींना ऐकवते. चर्चला जाते, गाणी म्हणते, डोळे मिटते. आत मात्र पाच-सहा वर्षं काहीच नाही, नुसता कोरडा ठणठणाट. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आई पहाटे पाचला उठून दार लावून प्रार्थनेला बसायची आणि तिचा बोलण्याचा आवाज बाहेर यायचा. मी अंथरुणात पडून ऐकायचे आणि म्हणायचे, चला, घरात एकीचं तरी तिकडे बोलणं चालू आहे. माझी सगळी श्रद्धा म्हणजे आईची श्रद्धा होती. ती गेली तेव्हा मामाला मी तिचं आवडतं वचन सांगितलं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे. ते तिच्या डोक्यावर लिहिलेलं आहे, या एका गोष्टीवर मी दीड वर्ष काढलं.

आणि मग आमचे हेडसर मेले नाहीत.

निवृत्त हेडमास्तर, वय शहाऐंशी. डॉक्टरांनी हात टेकले होते. मुलगा परगावाहून चार दिवसांची रजा काढून आलेला. माणूस व्यवस्थित, त्याने विचार केला, उगाच शेवटच्या घाईला नको, आणि मामाला पेटी सांगून टाकली. पेटी झाली, वचन झालं, कापड ठोकून झालं. तिसऱ्या दिवशी हेडसरांनी डोळे उघडून चहा मागितला आणि साखर कमी आहे म्हणून सुनेला बोलले. मुलाची रजा फुकट गेली.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, हेडसर काठी टेकत मामाच्या कारखान्यात आले. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब खोली, एका बाजूला फळ्या, दुसऱ्या बाजूला भुशाचे ढीग. मी मामाचा डबा घेऊन तिथेच होते.

"माझी पेटी दाखव," हेडसर म्हणाले.

मामाने दाखवली. सरांनी आत हात घालून बघितला, फळी वाजवून बघितली. "खांद्याला अडचण होणार."

"सर, तेव्हा होत नाही," मामा म्हणाला.

मी तोंडावर पदर धरला. सर पुढे म्हणाले, "आता वचन दाखव. शुद्धलेखन बघायचंय. कायमचं राहणार आहे ते."

मामाचा चेहरा उतरला. कापड खराब होईल, नंतर दाखवतो, आधी चहा घ्या, असं तो काय काय म्हणत राहिला. पण हेडसर चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेले. त्यांनी खिशातून चाकू काढला, कोपऱ्यातले चार खिळे उचकटले, कापड मागे केलं आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं:

"आजही काही ऐकू आलं नाही. पेटी केली. प्रभू, तू आहेस ना?"

खाली तारीख. बस, एवढंच.

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला. हेडसरांनी ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मग ते मामाकडे बघत राहिले आणि मामा जमिनीकडे.

"हे एकाच पेटीत?" त्यांनी विचारलं.

"नाही," मामा म्हणाला. "अकरा वर्षं झाली."

अशी गोष्ट झाकून राहते थोडीच! रविवारी उपासना संपली तरी एकही माणूस उठला नाही. पाळकसाहेबांनी मामाला पुढे बोलावलं. गंमत बघा, दर रविवारी शेवटची प्रार्थना करायला त्यालाच पुढे बोलावत असत, कारण त्याच्यासारखी प्रार्थना कुणाला येत नाही असं सगळ्यांचं मत. बेकरीवाल्याची बायको उभी राहिली. तिचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती.

"माझ्या माणसाच्या पेटीत काय लिहिलंय?"

"तेच," मामा म्हणाला.

"मी सांगितलेलं वचन नाही?"

"नाही, बाई."

ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त शेजारणीला म्हणाली, "मी रोज त्याला सांगते, तुझ्यापाशी वचन आहे, घाबरू नकोस." आणि बसली.

पाळकांनी विचारलं, असं का केलंत. मामा बोलायला लागला तेव्हा कळलं, की त्याला साधं बोलता येतच नाही, त्याला एकतर प्रार्थना येते नाहीतर मापं.

"बायको गेली तेव्हा प्रभू जवळ होता," तो म्हणाला. "अगदी इथं, बाजूला. खोटं सांगत नाही. ती गेल्यावर सहा महिन्यांनी, एका मंगळवारी, सकाळी प्रार्थनेला बसलो आणि पलीकडे कुणीच नव्हतं. काही घडलं नव्हतं हो. आदल्या रात्री नीट झोपलो होतो. वाटलं, उद्या होईल ठीक. नाही झालं. मग वचन लिहायला हात उचलेना. मलाच ऐकू येत नाही ते दुसऱ्याच्या तोंडावर कसं लिहू? म्हणून जे खरं होतं ते लिहिलं."

"आणि आमच्यासमोर प्रार्थना करत होतास ती?" कुणीतरी मागून विचारलं. "ती खोटी?"

"नाही. ती मी बोलत होतो. ऐकू येत नाही म्हणून बोलायचं सोडलं नाही."

लोकांना हे पटलं असं अजिबात नाही. दोन घरं त्या दिवसापासून मामाशी बोलत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. पाळकसाहेबांनी ठरवलं, की यापुढे घरचेच येऊन आपल्या हाताने वचन लिहितील आणि कापड त्यांच्यादेखत लागेल. मामाने मान डोलावली. शेवटची प्रार्थना त्या दिवशी कुणी केलीच नाही.

मी मात्र आतून पेटले होते. दुपारी सरळ कारखान्यात गेले. मामा फळीवर रंधा मारत होता. रविवारी तो कधी काम करत नाही.

"आईच्या पेटीत काय आहे?" मी विचारलं. "खरं सांग, मामा. तिच्या डोक्यावर पण तुझं ते रडगाणं लिहिलंस?"

"मी काही लिहिलं नाही."

"म्हणजे कोरं?"

त्याने रंधा बाजूला ठेवला. "बस आधी."

"मला बसायचं नाही."

"कापड तुझी आई ठोकायची," तो म्हणाला. "मग पहिलं कुणी वाचलं असेल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साडेनऊ वर्षं प्रत्येक झाकणावर कापड ताणून खिळे ठोकणारी माझी आई. संडेस्कूलमध्ये मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवणारी. तिने सगळं वाचलं होतं, आणि दफनाच्या वेळी त्याच लोकांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला होता. मी फळ्यांवर बसले.

"पहिल्या वेळी ती म्हणाली, 'दादा, हे काय?'" मामा सांगत होता. "मी म्हटलं, दुसरं लिहवत नाही. थांबवतो आता हे सगळं. चर्च, प्रार्थना, सगळंच. तिनं कापड ताणलं, खिळे ठोकले. जाताना म्हणाली, 'हे लिहिलंयस ते कुणाला उद्देशून?' मी म्हटलं, त्यालाच. तर म्हणाली, 'मग प्रार्थना सुटली कुठं?' लोकांची फसवणूक झाली, ती माझी चूक. पण तिच्या त्या एका वाक्यावर मी टिकलो."

"तिच्या पेटीचं सांग."

"शेवटच्या महिन्यात तिनं झाकण घरी मागवलं. तू कामावर होतीस. मी चादरीत गुंडाळून नेलं. तिला उठवत नव्हतं, म्हणून फळी मी तिच्या तोंडावर आडवी धरली आणि तिनं पडल्या पडल्या लिहिलं. अर्धा तास लागला. माझे हात भरून आले. मला वाटलं, मेंढपाळाचंच लिहितेय."

"काय लिहिलं?"

मामाने हात पुसले. उगाचच पुसत राहिला.

"'मला तर कधीच ऐकू आलं नाही. दादा, तू तरी काही वर्षं ऐकलंस. सोडू नकोस.'"

मला पहिल्यांदा वाटलं, हा खोटं बोलतोय. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. कधीच नाही? माझी आई? पहाटे पाचला उठणारी, थंडीत शाल घेऊन बसणारी, न चुकता, तापात, बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा? मी दाराबाहेरून तीस वर्षं जो आवाज ऐकला तो फक्त तिचाच होता?

"मग ती रोज बोलायची कुणाशी?" मी विचारलं.

"प्रभूशी," मामा म्हणाला. "आणखी कुणाशी?"

मला राग आला. खूप राग आला, आईचाच. मी शेजारच्या खोलीत पडून स्वतःला ढोंगी समजत होते, वर्षानुवर्षं, आणि ही बाई भिंतीपलीकडे तशीच कोरडी बसली होती. एका शब्दाने बोलली असती तर काय बिघडलं असतं? हे सगळं मी मामाला ऐकवलं. तो म्हणाला, "तू तरी कुठं सांगितलंस तिला?"

मी पायाशी पडलेला भुसा पायानेच गोळा करत राहिले.

मग मामा म्हणाला, "आज चर्चमध्ये शेवटची प्रार्थना राहिली. तू कर."

"मला काही जाणवत नाही, मामा. गेली सहा वर्षं."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने हात जोडले. "मोठ्यानं कर, मला नीट ऐकू दे."