फ्रिजमागची वाघी

आमच्या घरात एक मांजर सोळा दिवस राहिली आणि त्या सोळा दिवसांत मी तिला एकूण सव्वा मिनिट पाहिलं. तरीही तिच्या स्वभावावर मी अर्ध्या रत्नागिरीला व्याख्यानं दिली.

याला कारण माझी नणंद. (नणंदेमुळे घडलेल्या गोष्टींसाठी वेगळी वही घालावी लागेल. आज फक्त मांजर.) वन्संनी निवृत्त झाल्यावर शिरगावच्या वाटेवर एक पत्र्याची शेड घेतली आणि लोकांनी टाकून दिलेल्या जनावरांसाठी निवारा काढला. तिथून एका संध्याकाळी त्या भोकं पाडलेलं खोकं घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या.

"वृंदा, हिला पंधरा दिवस ठेव. शेडमध्ये तेरा कुत्रे भुंकतात, ही खोपच्यात बसून राहते. चार दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. अशीच राहिली तर टिकायची नाही. पंधरा दिवसांत घर मिळालं तर बरं, नाहीतर परत त्याच पिंजऱ्यात. दुसरी जागाच नाही गं."

"पण माझ्याकडे कशाला?"

"तुझ्याकडे शांतता आहे."

इथे माझ्या नवऱ्याला जोरात ठसका लागला. का लागला ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

मी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. एकवीस वर्षं झाली. गाड्यांच्या घोषणाही मीच करते. माइक बिघडला तर तो दुरुस्त करायची घाई कोणी करत नाही. मी फक्त खिडकीतून मान बाहेर काढते.

खोक्यासोबत एक कार्ड होतं. वन्संनी लिहिलेलं; जो मांजर नेईल त्याने पुढे दुरुस्त करून परत द्यायचं. नाव: वाघी. (वन्सं पहिल्यापासून आशावादी.) ऑपरेशन: झालेलं. कशाला घाबरते: कुत्रे, झाडू, छत्री, कुकरची शिट्टी, मिक्सर, पुरुष, बायका.

"एवढं लिहिण्यापेक्षा 'सगळं' लिहायचं!" मी म्हटलं आणि खोकं उघडलं. काहीतरी करडं, पट्ट्यापट्ट्यांचं माझ्या पायावरून गेलं आणि फ्रिजच्या मागे शिरलं. सव्वा मिनिटातली पहिली दोन सेकंदं ही.

"वन्सं, पंधरा दिवस नकोत मला. आठ दिवसांत घर शोधून देते. एकवीस वर्षं मी माणसांना बरोब्बर गाडीत बसवतेय, एका मांजरीचं काय घेऊन बसलात!"

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. वन्संनी ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी मी खिडकीतून प्रचार सुरू केला. गाडीची वेळ विचारायला आलेल्या प्रत्येकाला गाडीबरोबर मांजरही सांगायला लागले. पहिले आले डेपोतले मोहिते, सपत्नीक.

"कुठाय मांजर?"

"फ्रिजमागे. वाका, दिसेल."

मोहिते सांधेदुखीचे, तरी बिचारे फरशीवर पालथे पडले. "दिसले, दिसले! काय हिरवे डोळे आहेत हो!" मग त्यांनी हात आत घातला. "वहिनी, हा स्टॅबिलायझर आहे."

त्यांच्यानंतर नाचणे गावच्या एक शिक्षिका आल्या. दीड तास बसल्या, दोन बशा पोहे खाल्ले आणि निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, "वृंदाताई, तुमच्या घरात मांजर आहे, हे नक्की ना?" रात्री ठेवलेला बांगडा सकाळी ताटलीत नसतो, एवढाच पुरावा माझ्याजवळ होता. त्यांनी तो पुरावा ऐकला आणि माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याला बांगडा आवडतो.

शेजारच्या घराचा विचार मी केलाच नाही. तिथे महिन्यापूर्वी इब्राहिमचाचा राहायला आले होते. चाळीस वर्षं बोटीवर काढलेली, बायको वारलेली, मुलगे आखातात. चाचा दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन नमाजाला जाता-येता माझ्या नवऱ्याशी. माणसांशी बोलत नाही तो मांजर काय सांभाळणार, असं माझं मत. मतं माझ्याकडे भरपूर असतात.

आठ दिवस गेले, बारा गेले. मग मी शिस्तीचा मार्ग धरला. रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी फ्रिजसमोर उभं राहायचं आणि स्पष्ट शब्दांत तीनदा सांगायचं, "वाघी! बाहेर ये! कोणी खात नाही तुला!"

"अगं, जरा हळू," नवरा म्हणाला.

"हळू बोलून कोणाचं भलं झालंय?"

त्यावर त्याने पेपर वर केला. आमच्या संसारात पेपर फार उपयोगी पडला आहे.

पंधरावा दिवस उलटला. "बुधवारपर्यंत थांबते, मग घेऊन जाते," वन्सं म्हणाल्या. आवाज उतरलेला होता. मला त्या मांजरीची दया आली म्हणा, किंवा हरण्याची भीती वाटली म्हणा (दोन्ही सारखंच असतं), पण मी लांज्याच्या पाष्ट्यांना रविवारी बोलावलंच. दोघंच नवरा-बायको, शांत घर, मागच्या खोलीत काजूची पोती. "शिवाय," पाष्टे फोनवर म्हणाले, "उंदीर फार झालेत." वाघी उंदराला पाहून काय करेल याची मला कल्पना होती. ती मी स्वतःजवळ ठेवली.

रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं रटरटत होतं. पाष्टे मंडळी बाहेरच्या खोलीत बसली होती. मी चहाचा ट्रे घेऊन आले आणि दारातच थबकले.

दिवाणावर, पाष्टेबाईंच्या शेजारी, करडी, पट्ट्यापट्ट्यांची मांजर ऐसपैस आडवी पडून पाय चाटत होती!

"आली!" मी म्हटलं. शिस्त! शेवटी शिस्तच!

"किती माणसाळलेली आहे हो," पाष्टेबाई तिची मान खाजवत म्हणाल्या. "तुम्ही तर म्हणालात घाबरट आहे."

"होती. मेहनत घेतली मी."

नवरा चष्मा पुसत म्हणाला, "अगं, ही जरा जाड नाही वाटत?"

"माझ्या हातचं खाल्लंय सोळा दिवस!"

"आणि मान बघ. पैलवानासारखी..."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पेपर घेतला. टोपलीत बसवताना मांजरीने जांभई दिली. मी फोटो काढला, डब्यात चार तळलेले बांगडे घालून दिले, साडेचारची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते सांगितलं आणि वन्संना फोटो पाठवला. खाली लिहिलं: "सोळावा दिवस. माझी पद्धत."

पाच वाजता फोन वाजला.

"वृंदा, हिच्या डाव्या कानाचं टोक कुठाय?"

"जागेवर! दोन्ही कान शाबूत!" मी अभिमानाने सांगितलं.

"माझ्या वाघीचं कापलेलं आहे. ऑपरेशन झालं की खूण म्हणून कापतात."

"मग वाढलं असेल परत."

"कान आहे तो, नख नव्हे! आणि फोटो नीट बघ जरा. हा बोका आहे."

मी फोटो नीट पाहिला. पुढचं काही बोलण्याआधी फ्रिजच्या मागून एक बारीक शिंक आली.

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. त्याच वेळी दाराची कडी वाजली. दारात इब्राहिमचाचा. हातात रिकामी बशी.

"बाय, आमचा कप्तान इकडं आला काय? करडा बोका. बांगडा शिजायला लागला, की कुणाच्याही घरात शिरतो."

असे प्रसंग माणसाने बसून निभवावेत. मी बसले.

"चाचा, तो लांज्याला गेला."

"कसा?"

"साडेचारच्या गाडीने."

चाचांनी बशी दुसऱ्या हातात घेतली. "एकटा?"

सगळं सांगितलं. त्यांनी बशी उंबऱ्यावर ठेवली, आणि त्या रिकाम्या बशीने मला एकदम कामाला लावलं. मी कंडक्टर तांब्यांना फोन लावला. गाडी पालीच्या पुढे जायच्या बेतात होती.

"तांबे! तुमच्या गाडीत पाष्टे म्हणून आहेत, मांडीवर टोपली. त्यातला बोका उतरवा!"

"मॅडम, टोपली रिकामी आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बोका ड्रायव्हरच्या शेजारी आहे. इंजिनाच्या बॉनेटवर. हातखंब्यापासून रस्त्याकडेच बघत बसलाय. उचलायला गेलो तर गुरगुरतो."

हे मी चाचांना सांगितलं. चाचा म्हणाले, "हां. तोच."

पुढचा अर्धा तास मी जे काम केलं ते एकवीस वर्षांच्या नोकरीत केलं नव्हतं. पाष्ट्यांना फोनवरच दुसरी, खरोखर उंदीर मारणारी मांजर कबूल केली (वन्संना न विचारता). लांज्याहून परत येणारी राजापूरची गाडी पालीला थांबवली. कप्तानाला बॉनेटसकट नेता येईल का, असंही तांब्यांनी एकदा विचारलं. शेवटी पाष्टेबाईंनी डब्यातला बांगडा दाखवला, तेव्हा तो या बॉनेटवरून त्या बॉनेटवर गेला.

मी रिक्षाने स्टँडवर. चाचांना म्हटलं, "तुम्ही इथेच बसा, मी आणते." नवरा माझ्याबरोबर आला, टोपली धरायला. आमच्या घरात मागे राहिले फक्त चाचा.

स्टँडवर बातमी माझ्या आधी पोचली होती. राजापूरची गाडी फलाटावर लागली तेव्हा माझ्याच खिडकीतून, माझ्याच माइकवरून सहकारी मुलगी म्हणाली, "वृंदा मॅडम जिथे असतील तिथून फलाट क्रमांक तीनवर यावं. आपला बोका आलेला आहे." हमाल हसले, उसाच्या रसवाल्याने टाळ्या वाजवल्या. कप्तान सगळे प्रवासी उतरल्यावर, सर्वांत शेवटी खाली आला.

घरी परतलो तेव्हा सात वाजले होते. मी दार ढकललं आणि जिथल्या तिथे उभी राहिले.

इब्राहिमचाचा फ्रिजजवळ फरशीवर, भिंतीला टेकून बसले होते. खिशातल्या सुतळीला गाठी मारत होते, सोडत होते, पुन्हा मारत होते. आणि त्यांच्या पायाशी, त्या सुतळीच्या टोकावर पंजा ठेवून, एक बारीकशी करडी मांजर बसली होती. डाव्या कानाचं टोक नव्हतं. डोळे हिरवे नव्हतेच, मधासारखे होते. मी मिनिटभर नुसती पाहत राहिले. तोंडातून शब्द काढला नाही. तेवढं मला आयुष्यात एकदा जमलं.

मग जमेना. "अगंबाई, ही तर केवढी गोड..."

फ्रिजमागे भांडी पडल्यासारखा आवाज झाला. फरशीवर सुतळी तेवढी राहिली.

चाचांनी कप्तानाला टोपलीतून उचललं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या दिवसातलं सर्वांत मोठं भाषण केलं. "बाय, तिला माझ्याकडं येऊ दे. माझ्या घरात बोलणारं कोण नाय."

"पण ती बाहेर कशी येणार?"

चाचांनी फार अदबीने दाराकडे हात दाखवला. "तुम्ही जरा बाहेर बसता काय?"

मी माझ्याच घरातून बाहेर झाले. दोन घरांमधल्या बुटक्या दगडी गडग्यावर कप्तानाशेजारी बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. दहा मिनिटांत चाचा कुशीत काहीतरी झाकून माझ्यासमोरून गेले, आणि सतराव्या दिवशी, सोमवारी सकाळी तांब्यांच्या गाडीने वन्सं शेडमधला एक दणकट बोका घेऊन लांज्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "गाडी बरोबर आहे ना गं ही? बघून सांग."

आता वाघी चाचांच्या पडवीत दिवसभर लोळते. पोस्टमनच्या सायकलीवर बसते. शेजारी कुकर वाजतो, मिक्सर फिरतो, तिचा कानही हलत नाही. परवा चाचांनी ते कार्ड भरून वन्संना द्यायला माझ्याकडे आणलं. "कशाला घाबरते" या रकान्यातलं सगळं त्यांनी नीट रेघ मारून खोडलं होतं: कुत्रे, झाडू, छत्री, कुकर, मिक्सर, पुरुष, बायका. खाली स्वतःच्या अक्षरात एकच शब्द घातला होता.

शेजारीण.

मी तो नवऱ्याला वाचून दाखवला. अगदी हळू आवाजात. गडग्यापलीकडे कोणीतरी पोस्टमनच्या सायकलीवरून धपकन खाली उडी मारली आणि घरात पळालं.