डाव्या कुशीसाठी नागपूर

पुसदहून नागपूर, एसटीनं पाच-सहा तास. वयामुळे तिकीट अर्धं, पण हाडं पूर्ण खिळखिळी होतात. तरी निघालो. तिथे डॉक्टरांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं: कूस बदलताना येणारी चक्कर कशी ओळखायची आणि गोळ्यांशिवाय कशी घालवायची. माझ्या दवाखान्यात असे रुग्ण नेहमीचे. शिवाय एक रुग्ण घरातच होता, मी स्वतः. डावीकडे वळलं की खोली गरगरायची. माझी बायको नलू गेली, त्याच महिन्यात हे सुरू झालं. पलंगावर तिची बाजू डावी. म्हणून हे दुखणं मनाचंच, अशी समजूत करून घेऊन मी वर्षभर उजव्या कुशीवर झोपत होतो.

मी उतरलो होतो त्या लॉजसमोर सकाळी तर्री-पोहे खाल्ले. तर्री बेतानंच मागा, नाकातून पाणी येतं. एकट्या माणसाला ते सोयीचं, डोळे पुसले तरी कोणी काही विचारत नाही.

शिबिरात जोड्या लावून सराव होता. माझ्या वाट्याला कोराडीची एक तरुण डॉक्टर आली. तिनं माझं डोकं डावीकडे वळवून, ते पलंगाच्या कडेबाहेर जाईल असं झटकन निजवलं. छत फिरू लागलं. मी डोळे गच्च मिटले.

"उघडा नं सर! मी पकडून राहिली नं डोकं." मग ती ओरडलीच, "अरे, तुमचे डोये तर खरंच नाचून राहिले! घरी कोनाले सांगितलं काहून नाही?"

"सांगाले कोन आहे, बाई?"

डोळे नाचले, म्हणजे दुखणं मनाचं नव्हतं, कानाचं होतं. शिकवल्याप्रमाणे तिनं डोकं सावकाश उजवीकडे फिरवलं, मला कुशीवर वळवलं, उठवून बसवलं. यानं कानातले सुटे झालेले कण जागेवर जातात. माझ्या डोक्याला वर्षभरात कुणाचा हात लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तपासलं, तर डोळे शांत. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र उगाच हुरहूर लागली.

संध्याकाळी गांधीबागेच्या कापडबाजारात चादर घ्यायला गेलो. बाजार घाऊक, पण एखादी सुटी मागितली तर देतात.

"सिंगल देऊ का डबल, काकाजी?" दुकानदारानं विचारलं.

एवढा साधा प्रश्न. डबल घेतली.

तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. भर दुपारी नवी चादर अंथरली आणि जीव मुठीत धरून डाव्या कुशीवर वळलो. काहीही फिरलं नाही. वर्षभर तिकडे न बघायला चक्कर येण्याचं निमित्त होतं, तेही आता उरलं नाही. खोली स्थिर होती आणि समोर नलूची उशी होती. मी तसाच पडून राहिलो, तिच्याकडे बघत.