उजव्या हाताचं वय

नीतू पटले गेली सोळा वर्षं गोंदियात ब्युटी पार्लर चालवते. तिरोड्याकडच्या धानाच्या बांधीतून शहरात आलेली ही बाई, पण भुवया कोरायला लागली की दोरा असा सरसर फिरायचा, की गिऱ्हाईकाला हूं की चूं करायला सवड मिळायची नाही. अलीकडे दोरा निसटायला लागला होता. थकवा असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. परवा मात्र एका नवरीनं तोंडावरच सांगितलं, "दीदी, आपका हाथ तो बूढ़ा हो गया!"

छत्तिसाव्या वर्षी! नीतूच्या अंगाची लाहीलाही झाली. दुसऱ्यांचं वय लपवणाऱ्या बाईनं स्वतःचं असं चव्हाट्यावर मांडायचं म्हणजे धंदाच बुडायचा की.

दुसऱ्या दिवशी तिनं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पडलेला खड्डा इंजेक्शननं भरून घ्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

डॉक्टरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले. त्या शिरा, डाग, सुरकुत्या कागदावर टिपत गेल्या आणि मध्येच थांबल्या. उजवा सुकलेला, डावा हात मात्र चांगला भरलेला होता.

"ताई, म्हातारपण एकाच हाताला येत नाही. करंगळीवर हा चट्टा कशाचा?"

"वॅक्सनं भाजलं असल. कधी भाजलं, मालूमच नाही पडलं."

"डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

नीतू वाट पाहत राहिली. "लावा ना मॅडम, काऊन थांबल्या?"

"चार वेळा लावला."

तिनं डोळे उघडले. कापूस करंगळीवरच होता. आपलंच बोट, आणि आपल्यालाच पत्ता नाही!

डॉक्टरांनी कोपरामागची नस चाचपली. "पक्कं तपासण्यांनंतर कळेल, पण मला कुष्ठरोगाची शंका येते. औषध फुकट मिळतं, पूर्ण बरा होतो. घरच्यांनाही तपासून घ्या."

बरा होतो, हे तिच्या कानात शिरलंच नाही. हा हात आता कोण आपल्या चेहऱ्याला लावू देणार? आणि मग 'घरचे' या शब्दाचा अर्थ लागला. टीना, तिची नऊ वर्षांची लेक. तिनं धावत बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला.

"टीनाले शाळेतून घेऊन या. दवाखान्यात."

"कायले? का झालं?" लीलाधर घाबरला.

तिनं रोगाचं नाव टाळलं.

"तिचेही हात दाखवाचे आहेत," ती म्हणाली.